मदतीचा माणूस

सांगलीच्या मंडईत पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी हजर होतात आणि भाजीची एक काडीसुद्धा विकत घेत नाहीत, ते आमचे आप्पा. पांढरा लेंगा, पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर अष्टगंधाचा टिळा, खांद्याला शबनम आणि पायात टाचेला झिजलेली चप्पल. नवी परवडत नाही म्हणून झिजलेली नव्हे. नव्या चपलेनं वसुलीला गेलं की समोरच्याच्या मनात नको ते हिशेब सुरू होतात, असा त्यांचा अनुभव आहे. शबनमीत दोन बॉलपेनं, रबर लावलेली डायरी आणि खडीसाखरेची पुडी. खडीसाखर कर्जदारांच्या पोरांसाठी. कर्जदार मी म्हणतो. आप्पा 'आपली माणसं' म्हणतात. कर्जाला ते 'मदत' म्हणतात, व्याजाला 'खर्च' आणि थकबाकीला 'मन दुखावणं'. "त्या कांदेवाल्यानं आठ दिवस मन दुखावलंय माझं," असं ते म्हणाले की आठशे रुपये यायचेत हे मंडईतल्या हमालालाही कळतं.

असे आप्पा कुठल्याही गावच्या बाजारात सापडतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे शेठ, कुठे नुसतंच 'डेलीवाले'. कुणाचं पानाचं दुकान असतं, कुणाची पिठाची गिरणी. धंदा मात्र सगळीकडे एकच, आणि चेहऱ्यावरचा भावही एकच: आपण नसतो तर या लोकांचं काय झालं असतं, या काळजीचा.

आप्पांच्या धंद्याचं मुख्य हत्यार म्हणजे एक कार्ड. हाताच्या पंजाएवढं, गुलाबी पुठ्ठ्याचं. पुढच्या बाजूला गणपती, मागच्या बाजूला आडव्या दहा ओळी आणि उभे दहा रकाने, म्हणजे शंभर चौकोन. दहा हजार मागितले की नऊ हजार हातात पडतात. हजार खर्चाचे आधीच कापलेले. मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. पैसे दिले की आप्पा चौकोनात तारीख घालून सही करतात. सही म्हणजे एक वेलांटी आणि एक टिंब. कार्डावर आप्पांचं नाव नाही, रक्कम नाही, दर नाही. उद्या कुणी हे कार्ड कोर्टात हजर केलंच, तर त्यावरून फार तर एवढं सिद्ध होईल की कुणीतरी गणपतीला शंभर दिवसांचं काहीतरी व्रत बोललं होतं.

माझी उभी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो, पण आप्पा मला 'म्यानेजरसाहेब' म्हणतात. पदव्या वाटायला त्यांना खर्च येत नाही. एकदा मंडईच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेताना मी विषय काढला.

"आप्पा, दर काय पडतो हो तुमचा?"

"शंभराला दहा. तुमची बँक किती घेते?"

"बारा. पण वर्षाला."

"मग मी दोन रुपयांनी स्वस्तच की ओ!"

मी त्यांना समजावायला गेलो. मंडईतल्या मिरचीवाल्या मावशींचंच घ्या, त्यांच्या हातात मुळात नऊच हजार पडले. त्यातले शंभर दुसऱ्याच दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशी आणखी शंभर. पन्नासाव्या चौकोनाला त्यांच्याकडे निम्मे पैसेसुद्धा उरलेले नसतात, पण खर्च मात्र पुऱ्या दहा हजारांवर आणि तोही आधीच कापलेला. कमी होत जाणाऱ्या शिलकेवर काढलं तर हा दर वर्षाला अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या घरात जातो. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. माझ्या चहाचे पैसे दिले. मग म्हणाले, "वर्ष कशाला मधे आणताय, साहेब? मिरचीवाल्या मावशीनं वर्षासाठी कुठं मागितल्यात? तिला आज पहाटे पाचला पायजेत. तुमची बँक किती वाजता उघडती?"

आप्पांची सगळी नीतिमत्ता उभी आहे ती या एका गोष्टीवर: गुणाकार वर्षापर्यंत न्यायचा नाही. दिवसाचा हिशेब ते डोळे मिटून सांगतील, आठवड्याचा बोटांवर करतील, महिन्यापर्यंतही येतील. वर्षाचं नाव काढलं की त्यांना ते असभ्य वाटतं, चारचौघांत कुणाचा पगार विचारल्यासारखं.

आणि बँक किती वाजता उघडते, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिरचीवाल्या मावशी पहाटेच्या सौद्यात दोन-तीन हजारांची मिरची, आलं, लिंबं उचलतात. पाऊसपाणी नसेल तर संध्याकाळपर्यंत पाच-सहाशे सुटतात. त्यातले शंभर आप्पांना गेले तरी चारशे घरी येतात. भांडवल नसतं तर शून्य आलं असतं. मावशींच्या लेखी शंभर रुपये हे जागेच्या भाड्यासारखे, हमालीसारखे, मंडईच्या पावतीसारखे आहेत. रोज द्यायचे आणि विसरायचे. वर्षाचे टक्के काढून मी त्यांना दाखवले असते तर त्यांनी मला लिंबू फुकट दिलं असतं, आणि 'साहेबांची तब्येत बरी नाही वाटतं' असं शेजारणीला सांगितलं असतं. पैसे रोज फिरत असतील तर महाग कर्जही परवडतं, हे आप्पांचं बलस्थान आहे आणि ते त्यांना पक्कं माहीत आहे. वाद घालताना ते नेहमी मिरचीवालीचंच उदाहरण देतात. ज्यांचे पैसे फिरत नाहीत, त्यांचं उदाहरण त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

आप्पांचे स्वतःचे नियम आहेत आणि ते ते कसोशीनं पाळतात. दारुड्याला एक रुपया देत नाहीत. त्याच्या बायकोला देतात. मयत झालेल्या घरी तेरा दिवस पाऊल टाकत नाहीत. चौदाव्या दिवशी सकाळी सातला दारात उभे असतात आणि तेरा चौकोनांचा दंड, चौकोनाला दहा रुपये, हळू आवाजात सांगतात. एकादशीला व्याजाचं बोलत नाहीत, त्यामुळे दशमीला जरा जास्त बोलतात. अंगावर कधी कुणाच्या गेले नाहीत, आवाज चढवला नाही. बाईमाणसाशी बोलताना नजर जमिनीवर.

मग वसुली कशी होते? आप्पा बसतात. एवढंच. चार दिवस चौकोन कोरे राहिले की आप्पा संध्याकाळी त्या घरी जातात आणि अंगणात, सगळ्या गल्लीला दिसेल असे, बसतात. घरातून खुर्ची आली तर "कशाला, कशाला" म्हणत पायरीवरच टेकतात. पाणी मागतात. मग खणखणीत आवाजात चौकशी सुरू होते. "मालक कामावर जातात न्हवं? पोरीचं कुठं जमलं का? गॅस कंपनीचाच हाय का? टीव्ही नवा दिसतोय." शेजारच्या दारांतून एकेक डोकं बाहेर येतं. आप्पा प्रत्येकाला नमस्कार करतात. तासाभरात घरातली बाई मागच्या दारानं बाहेर पडते आणि कुणाकडून तरी चारशे रुपये आणून त्यांच्या हातावर ठेवते. "एवढी घाई कशाला केलीस, पोरी," असं म्हणून आप्पा पैसे मोजून घेतात. धनकोनं ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायची चाल आपल्याकडे पेशवाईतही होती. त्या काळी धरणेकरी उपाशी बसत. आप्पा चहा घेतात, तेवढी सुधारणा.

कायद्याबद्दल आप्पांना आदर आहे. परवानाही आहे, फक्त तो मेहुण्याच्या नावावर आणि शेजारच्या तालुक्याचा आहे. महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी नियमन कायदा मी त्यांना वाचून दाखवला होता. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12. इतरांना तारणावर 15, विनातारण 18. त्याच्या वर एक पैसा घेता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. आप्पा म्हणाले, "बरोबर हाय. असल्या लोकांना आत टाकलंच पायजे." मग मी जुन्या हिंदू कायद्यातली दामदुपटीची मर्यादा सांगितली: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. त्यावर ते मनापासून हसले. "शंभर दिवसांत कुठली ओ दामदुप्पट? आम्ही तिथवर पोचतच न्हाई."

इतिहासही त्यांना वर्ज्य नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले, ते लोण पुढे नगरपर्यंत गेलं. लोकांचा रोख पैशापेक्षा कागदांवर होता: कर्जखतं, रोखे, वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या. इंग्रज सरकारनं चौकशी आयोग बसवला, 1879 मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. हे सगळं सांगून मी आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते गंभीर झाले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चूक त्या सावकारांचीच. कागद ठेवलेच कशाला?" तेव्हा मला गुलाबी कार्डाचा उगम कळला. मोठी रक्कम असेल तर आप्पाही कोरा स्टॅम्प आणि सही केलेले दोन चेक घेतात, पण जळण्याजोगा जो काही कागद असेल तो समोरच्याच्या हस्ताक्षरात हवा. आपल्या हस्ताक्षरात वेलांटी आणि टिंबाच्या पुढे जायचं नाही.

अलीकडे आप्पांच्या धंद्यात 'फायनान्सवाले' आले. दर मंगळवारी सकाळी दहाला देवळाच्या सभामंडपात बायकांची मीटिंग भरते. मोटारसायकलवरून एक पोरगा येतो, पाठीला बॅग, हातात मशीन. बायका त्याला 'सर' म्हणतात. तो त्यांच्या मुलांच्या वयाचा असतो. तारण नाही, जामीनदार नाही, गटातल्या बायकाच एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्या सतरंजीवर बसून राहतात, तिकडे भात करपतो, शाळेतून पोरं परत येतात. दर वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास आणि तो कार्डावर छापलेला. आप्पांना हे छापणं फार लागलं. "लाज वाटत न्हाई," ते म्हणाले, "व्याज छापतात!"

मी म्हटलं, "आप्पा, चोवीस म्हणजे तुमच्या एक तृतीयांशसुद्धा नाही."

"पण माणुसकी कुठाय त्यात? एक बाई आजारी पडली तर धाजणींना ओलीस धरतात. मी कधी धरलंय? मी एकटा जातो आणि एकट्यालाच भेटतो."

हा त्यांचा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही. रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम कागदावर चांगले आहेत. घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत, वसुली ठरलेल्या जागीच व्हावी, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन नको. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि ते कोथिंबीरवाल्या आक्कांच्या कार्डावर वेलांटी काढत होते. "चांगला नियम हाय," ते म्हणाले. "लोकांना कशाला तरास द्यायचा?"

पण तक्रारी करत करत आप्पांनी फायनान्सशी जुळवून घेतलं ते अशा हुशारीनं की मी तोंडात बोट घातलं. मंगळवारी दहाला ते देवळाच्या बाहेर, चपलांच्या शेजारी उभे राहायला लागले. आत एकीचे सहाशे कमी पडले की ती पदर सावरत बाहेर येते, आप्पांकडून सहाशे घेते, आत जाऊन 'सरां'ना देते. मीटिंग सुटते. कंपनीच्या खात्यात शंभर टक्के वसुली नोंदली जाते, वरचे साहेब खूश. ते सहाशे आप्पांच्या कार्डावर सातशे होऊन बसलेत, हे कंपनीच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही. आणि याच्याही पुढची गंमत म्हणजे तो पोरगा. बी.कॉम. झालेला, मोटारसायकलचा हप्ता डोक्यावर. दोघी-तिघींनी दांडी मारली तर संध्याकाळी शाखेत कमी पैसे भरायची त्याला भीती. तो पदरचे घालतो. महिनाअखेर पदर संपतो. मग अंधार पडल्यावर हेल्मेट न काढता तो आप्पांच्या दारात येतो. त्याचंही एक गुलाबी कार्ड आहे. आप्पा त्याला खडीसाखर देतात.

मोबाइलवरच्या कर्जांचं मात्र आप्पांना खरोखरच भय वाटतं. सात दिवसांचं कर्ज, तीन हजार मागितले तर दोन हजार खात्यात, आठव्या दिवशी फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज, बायकांचे फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवणं. हे ऐकल्यावर त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. "फोटो? बाईमाणसाचे? अरे, काय माणसं हायेत का कोण!" त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. त्यांचा संताप खरा होता, यात मला शंका नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं अवाच्या सवा व्याज लावणाऱ्या चार कंपन्यांना नवी कर्जं वाटायला मनाई केली, तेव्हा ती बातमी त्यांनी कापून डायरीत ठेवली. "बगा, रिझर्व्ह बँकेनं पकडलं. मला पकडलंय का कधी?" आणि बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांना गरिबांना लहान कर्जं दिली म्हणून 2006 साली शांततेचं नोबेल मिळालं, हे कळल्यापासून तर त्यांच्या मनात एक सल राहून गेला आहे. आपण तेच केलं, पण आपल्याला वॉर्डातल्या नगरसेवकानंसुद्धा शाल दिली नाही.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभाग बुडाला, मंडई बुडाली. आप्पा शाळेतल्या छावणीच्या दारात डायरी घेऊन दिवसभर उभे. "मिरचीवाली मावशी आली का? कांदेवाल्याची म्हातारी? ते केळीवालं पोरगं कुठल्या बोटीत हाय?" एकेक माणूस सुखरूप उतरला की डायरीत खूण करायचे आणि डोळे पुसायचे. मदतीला आलेल्या कार्यकर्त्यांना वाटलं हे तहसील कचेरीचे. त्यांनी आप्पांकडून यादी उतरवून घेतली. कोण कुठे राहतं, घरात माणसं किती, कमावतं कोण, सगळं होतं त्यात. सरकारकडे इतकी पुरी यादी नव्हती. पंधरा दिवस आप्पांनी एकही चौकोन मागितला नाही. सोळाव्या दिवसापासून नव्या कार्डांचा गठ्ठा शबनमीत होता, कारण माल वाहून गेलेल्या प्रत्येकाला आता नव्यानं मदत लागणार होती.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि रिझर्व्ह बँकेनं कर्जांचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. हप्ते थांबले, व्याज चालू राहिलं. आप्पांनी अगदी तेच केलं होतं, तेही चार दिवस आधी. रिझर्व्ह बँकेनं आपलं बघून ठरवलं, असं ते अजून सांगतात. मग फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारची स्वनिधी योजना आली, विनातारण दहा हजारांची. आप्पांनी मंडईतल्या पंचवीस-तीस जणांचे अर्ज स्वतः भरून दिले, रांगेत उभे राहिले, आधार जोडून दिलं. मला कौतुक वाटलं. पैसे खात्यांत जमा झाले त्या आठवड्यात मंडईतली आप्पांची सगळी जुनी येणी वसूल झाली.

2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार यायला लागले तेव्हा आप्पांनी पेढे वाटले. "आता सरकारच जामीन राहिलं म्हणायचं." त्यांच्या देवघरात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात एटीएम कार्डं आहेत, प्रत्येकाला रबरानं चिठ्ठी बांधलेली. निराधार पेन्शनवाल्या म्हाताऱ्या, सफाई कामगार, दोन-चार लाडक्या बहिणी. पैसे जमा झाल्याची बातमी आली की आप्पा डबा घेऊन एटीएमसमोर उभे राहतात; वॉचमन सलाम करतो. मागच्या रांगेतले लोक वैतागतात, कारण या गृहस्थांचे व्यवहार संपतच नाहीत. सगळे पिन त्यांना तोंडपाठ आहेत. कार्डवाल्यांना नाहीत. आपला भाग कापून उरलेले पैसे आप्पा घरपोच देतात, शंभराच्या नव्या नोटांत, आणि म्हाताऱ्या त्यांना आशीर्वाद देतात. उन्हातान्हात बँकेत जायचा त्रास वाचला ना!

हसता हसता मी अडखळतो ते गावभागात भांडी घासणाऱ्या एका बाईंपाशी. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्यानं रात्री पंधरा हजार आगाऊ मागितले. रात्री दीड वाजता आप्पा पैसे घेऊन दवाखान्यात गेले, हे खरं आहे. तिथेच जिन्यात उभं राहून दीड हजार कापून घेतले, हेही खरं आहे. बाईंना चार घरचे मिळून महिन्याला आठेक हजार मिळतात. रोजचे दीडशे म्हणजे साडेचार हजार आप्पांचे. भांडी घासून भांडवल फिरत नाही. संध्याकाळी पाच-सहाशे सुटत नाहीत. सत्तराव्या चौकोनाला त्यांना घरभाड्याला पैसे कमी पडले. आप्पा म्हणाले, काळजी करू नका, कार्ड फिरवून घेऊ. नवे पंधरा हजार. त्यातून जुन्या कार्डाचे राहिलेले साडेचार हजार वळते, खर्चाचे दीड हजार वळते, हातात नऊ. ज्या साडेचार हजारांवरचा खर्च पहिल्यांदाच कापला होता त्यावर तो पुन्हा कापला गेला, आणि बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण हातात नऊ हजार होते. आता सातवं की आठवं कार्ड चालू आहे. मधे आप्पांना फेडायला त्यांनी फायनान्सचं घेतलं, फायनान्सचा मंगळवार चुकू नये म्हणून आप्पांचं घेतलं. नवरा बरा होऊन कामाला लागला. त्याचा पगार घरापर्यंत येत नाही. मिरचीवालीचा हिशेब वेगळा आणि हा वेगळा, हे आप्पांइतकं स्पष्ट कुणाला दिसणार? पण कार्ड एकच, चौकोन तेवढेच.

मी बाईंना म्हटलं, जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, मी अर्ज लिहून देतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमच्या बँकेत गेलते की मी आधी," त्या म्हणाल्या. "लाइटबिल माझ्या नावचं मागितलं. खोली भाड्याची, लाइटबिल माझ्या नावचं कुठनं आणू? आप्पांनी काय मागितलं? वार्ड नंबर. कितव्या मजल्यावर, येवढंच." मी अर्जाचा कागद खिशात परत घातला.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांच्या मुलानं पुण्यात वाकडला फ्लॅट घ्यायचं काढलं. मुलगा आयटीत आहे. बापाचा धंदा काय असं विचारलं तर 'सोशल सेक्टर' म्हणतो. तीस लाखांचं कर्ज काढायचं होतं, सहअर्जदार आप्पा. ओळखीसाठी मला बरोबर घेऊन गेले. त्या दिवशी चप्पल नवी होती.

कर्ज विभागातल्या तरुण बाईंनी दर सांगितला, पावणेनऊ टक्के. आप्पा खुर्चीत सरसावले.

"सपाट, का कमी होत जाणाऱ्या शिलकेवर?"

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"कमी होत जाणाऱ्या शिलकेवर, काका."

"म्हैन्याला का रोजच्या शिलकेवर? प्रक्रिया शुल्क किती? ते कर्जातनं कापणार असाल तर हातात न पडलेल्या पैशावर व्याज का द्यायचं आम्ही? मुदतीआधी फेडलं तर दंड? विमा गळ्यात मारणार का? आणि हे सगळं धरून वर्षाचा खरा दर काय बसतो, तो सांगा आधी."

बाईंनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. वीस वर्षं, हप्ता सव्वीस हजार पाचशे अकरा. आप्पांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि समोरच्या जाहिरातीच्या पत्रकावर गुणाकार केला. वर्षापर्यंतच काय, थेट वीस वर्षांपर्यंत नेला, तोही कॅल्क्युलेटरशिवाय. मग पेन खाली ठेवलं. चेहरा लाल झाला होता.

"तीस लाखाला साडेत्रेसष्ट लाख? व्याज मुद्दलाच्या वर? दामदुपटीच्या वर जाताय तुम्ही! साहेब, सांगा की यांना कायदा. कुठं फेडतील ही पापं?"

बाई म्हणाल्या, तो नियम बँकांना लागू नाही, आणि दरात फार तर पाव टक्का सूट मिळू शकेल, शाखाप्रमुखांना विचारावं लागेल. त्यांनी अर्ज पुढे ओढला. व्यवसायाच्या रकान्यात आप्पांनी 'शेती' सांगितलं. बाईंनी सात-बारा मागितला. आप्पांनी तो शबनमीतून काढून दिला. वीस गुंठे.

"एवढ्यावर भागतं, काका? उत्पन्नाचं दुसरं काही साधन?"

"आमचं काय ओ," आप्पा हात जोडून म्हणाले, "लोकांच्या मदतीवर चाललंय."